मोफत ऑनलाइन प्रमाणपत्रे आणि तंत्रज्ञान क्षेत्रातील रोजगार

मोफत ऑनलाइन प्रमाणपत्रे म्हणजे आंतरजालावरून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांच्या शेवटी, विद्यार्थ्याकडून शुल्क न घेता किंवा केवळ परीक्षेपुरते अल्प शुल्क घेऊन दिली जाणारी प्रमाणपत्रे होत. प्रोग्रॅमिंग, विदा विश्लेषण, संगणक जाळी, क्लाउड संगणन आणि सायबर सुरक्षा या विषयांत अशी प्रमाणपत्रे मोठ्या प्रमाणात दिली जातात. भारतात 'स्वयम' आणि 'एनपीटीईएल' हे शासकीय पाठबळ असलेले उपक्रम, माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे शिक्षणमंच आणि काही परदेशी विद्यापीठे व ना-नफा संस्था हे त्यांचे प्रमुख स्रोत आहेत.

नोकरी शोधणाऱ्यांच्या दृष्टीने या प्रमाणपत्रांचे मूल्य एकसारखे नसते. अभ्यासक्रम मोफत आहे की नाही यापेक्षा प्रमाणपत्रामागे कोणत्या प्रकारची पडताळणी आहे, यावर ते अवलंबून असते. अभियांत्रिकी महाविद्यालये आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्या या दोहोंची दाटी असलेल्या पुण्यात, विशेषतः शहराच्या दक्षिणेकडील कात्रज, धनकवडी आणि आंबेगाव या विद्यार्थीबहुल भागांत, हा प्रश्न दरवर्षी पदवीधरांच्या प्रत्येक नव्या तुकडीपुढे उभा राहतो.

संज्ञा आणि प्रकार

'प्रमाणपत्र' हा एकच शब्द मराठीत किमान चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

१. पूर्णता प्रमाणपत्र : सर्व चित्रफिती पाहिल्या आणि पाठांमधील छोट्या चाचण्या दिल्या की हे आपोआप तयार होते. परीक्षार्थी कोण होता याची खातरजमा बहुधा होत नाही.

२. मूल्यमापनाधारित प्रमाणपत्र : यासाठी पर्यवेक्षणाखालील परीक्षा द्यावी लागते किंवा तपासता येईल असा प्रकल्प सादर करावा लागतो.

३. व्यावसायिक प्रमाणन : सिस्को, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, रेड हॅट अशा कंपन्या स्वतःच्या तंत्रज्ञानावर स्वतंत्र परीक्षा घेतात. शिकण्याचे साहित्य अनेकदा मोफत असले, तरी परीक्षा सशुल्क असते. बहुतेक प्रमाणनांना मुदत असते. उदाहरणार्थ, सिस्कोचे सीसीएनए आणि ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची प्रमाणने तीन वर्षांपर्यंत ग्राह्य धरली जातात.

४. श्रेयांक देणारा अभ्यासक्रम : ऑनलाइन अभ्यासक्रमाचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नियमित पदवीत जमा होतात.

'मोफत' या शब्दाचाही अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. काही मंचांवर शिकणे आणि प्रमाणपत्र दोन्ही मोफत असतात. काही ठिकाणी शिकणे मोफत, पण परीक्षा किंवा प्रमाणपत्र सशुल्क असते. तिसऱ्या प्रकारात अभ्यासक्रम मुळात सशुल्क असतो आणि अर्ज केल्यास आर्थिक साहाय्य म्हणून शुल्क माफ होते. नोंदणीच्या पानावर 'मोफत' लिहिलेले असले, तरी यांपैकी नेमका कोणता अर्थ लागू आहे हे अटी वाचल्याशिवाय समजत नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने (एमआयटी) २००१ मध्ये आपले अभ्याससाहित्य आंतरजालावर खुले करण्याची घोषणा केली. त्यात प्रमाणपत्राची सोय नव्हती. भारतात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ पासून एनपीटीईएल हा प्रकल्प राबवला. त्याचाही आरंभीचा उद्देश अभियांत्रिकीची व्याख्याने सर्वांपर्यंत पोहोचवणे एवढाच होता.

'व्यापक खुले ऑनलाइन अभ्यासक्रम' या संकल्पनेला २००८ मध्ये नाव मिळाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना 'मूक' म्हटले जाते. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोफत अभ्यासक्रमाला जगभरातून सुमारे १,६०,००० जणांनी नोंदणी केली. त्यानंतर २०१२ मध्ये उडॅसिटी, कोर्सेरा आणि एडएक्स हे मंच सुरू झाले. एडएक्सवरील विद्युत परिपथांच्या पहिल्या अभ्यासक्रमाला सुमारे १,५५,००० जणांनी नोंदणी केली होती, तर त्यात उत्तीर्ण होऊन प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांची संख्या ७,१५७ होती. नोंदणी आणि पूर्तता यांतील ही तफावत पुढेही कायम राहिली.

आरंभी हे मंच प्रमाणपत्रही मोफत देत असत. परंतु ओळख पटवणे, परीक्षा घेणे आणि उत्तरे तपासणे यांना खर्च येतो. त्यामुळे उडॅसिटीने २०१४ मध्ये मोफत प्रमाणपत्रे थांबवली आणि एडएक्सने २०१५ च्या अखेरीस तोच मार्ग धरला. शिकणे मोफत ठेवून पडताळणीसाठी शुल्क आकारण्याची पद्धत तेव्हापासून रूढ झाली.

भारतात एनपीटीईएलने २०१४ मध्ये प्रमाणपत्र परीक्षा सुरू केल्या. ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'स्वयम' या राष्ट्रीय मंचाचे उद्घाटन झाले. २०२० मधील टाळेबंदीच्या काळात महाविद्यालये बंद असताना अनेक कंपन्यांनी आपले अंतर्गत प्रशिक्षण साहित्य विद्यार्थ्यांना खुले केले. टीसीएस आयॉनचा पंधरा दिवसांचा मोफत अभ्यासक्रम हे त्याचे एक उदाहरण होय.

महाराष्ट्राला संगणक प्रमाणपत्रांची ओळख मात्र याआधीच झाली होती. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा (एमकेसीएल) एमएस-सीआयटी हा सशुल्क अभ्यासक्रम राज्यभर पसरला. शासकीय सेवेत संगणक अर्हता म्हणून तो ग्राह्य धरला जात असल्याने त्याचे मूल्य शासकीय नियमाने निश्चित झाले होते. खासगी तंत्रज्ञान कंपन्यांच्या बाबतीत असा कोणताही नियम नाही. तेथे प्रमाणपत्राचे मूल्य प्रत्येक नियोक्ता आपापल्या परीने ठरवतो.

मूल्य कशावर ठरते

अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये रोजगाराच्या बाजारातील 'संकेतां'विषयीचा सिद्धान्त मांडला. या कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये जॉर्ज ॲकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. उमेदवाराची खरी क्षमता नियोक्त्याला आधी दिसत नाही, म्हणून तो पदवी किंवा प्रमाणपत्रासारख्या बाह्य खुणांवरून अंदाज बांधतो, असे हा सिद्धान्त सांगतो. अशी खूण उपयोगी ठरण्यासाठी ती मिळवणे कुशल व्यक्तीला तुलनेने सोपे आणि अकुशल व्यक्तीला अवघड असावे लागते. जी खूण कोणालाही सारख्याच सहजतेने मिळते, तिच्यावरून दोन उमेदवारांत फरक करता येत नाही.

ही कसोटी लावल्यास मोफत प्रमाणपत्रांमधील भेद स्पष्ट होतो. चित्रफिती पुढे ढकलत नेऊन एका दुपारी मिळणारे पूर्णता प्रमाणपत्र नियोक्त्याला जवळजवळ काहीच सांगत नाही. परीक्षाकेंद्रात ओळखपत्र दाखवून दिलेली परीक्षा किंवा उघडून पाहता येणारा प्रकल्प मात्र बरेच काही सांगतो. व्यवहारात पुढील बाबी मूल्य वाढवतात :

* परीक्षार्थीची ओळख तपासली जाणे
* परीक्षा पर्यवेक्षणाखाली होणे
* प्रमाणपत्रावर गुण किंवा श्रेणी नमूद असणे
* दुव्यावरून अथवा क्यूआर संकेतावरून प्रमाणपत्राची सत्यता तपासता येणे
* विषय अर्ज केलेल्या कामाशी थेट संबंधित असणे
* प्रमाणपत्र अलीकडचे असणे

प्रमाणपत्राचे आणखी एक मूल्य असते, ते म्हणजे शिकण्याचे. कागदाकडे कोणी पाहिले नाही, तरी त्या निमित्ताने आत्मसात केलेले कौशल्य लेखी चाचणीत आणि मुलाखतीत उपयोगी पडते. ही दोन मूल्ये वेगळी असून, एकाच अभ्यासक्रमातून दोन्ही मिळतीलच असे नाही.

प्रमुख मंच आणि त्यांची पडताळणी

स्वयम आणि एनपीटीईएल

स्वयमवरील अभ्यासक्रमांची रचना चार भागांची असते : चित्रफीत व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वमूल्यमापन चाचण्या आणि शंकानिरसनासाठी चर्चामंच. शिकण्यास शुल्क नाही. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षाकेंद्रावर परीक्षा द्यावी लागते आणि त्यासाठी शुल्क आकारले जाते. एनपीटीईएलच्या एका विषयाचे हे शुल्क अनेक वर्षे १,००० रुपये होते.

एनपीटीईएलच्या गुणपद्धतीत साप्ताहिक गृहपाठाला २५ आणि केंद्रावरील परीक्षेला ७५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी गृहपाठात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण आवश्यक असतात. एकूण ६० किंवा अधिक गुणांना 'एलिट' श्रेणी दिली जाते. ७५ पासून पुढे रौप्य आणि ९० पासून पुढे सुवर्ण असा उल्लेख तिला जोडला जातो. गृहपाठाची उत्तरे विद्यार्थ्यांमध्ये सहज फिरू शकतात. परीक्षेला दिलेल्या मोठ्या भारांशामुळे आणि तिच्यातील स्वतंत्र किमान गुणांच्या अटीमुळे केवळ गृहपाठाच्या बळावर उत्तीर्ण होणे शक्य राहत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांनुसार स्वयमवरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक २० टक्क्यांपर्यंत स्वीकारण्याची मुभा दिली होती. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के करण्यात आली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात अभियांत्रिकी पदवीसाठी १६० श्रेयांक असून, ऑनलाइन अभ्यासक्रमांतून आणखी २० श्रेयांक मिळवल्यास 'ऑनर्स' पदवीची तरतूद आहे. श्रेयांक जमा होतात तेव्हा प्रमाणपत्र पदवीचाच भाग बनते आणि त्याचे मूल्य नियोक्त्याच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही.

स्पोकन ट्युटोरियल

आयआयटी मुंबईचा हा उपक्रम पायथन, लिनक्स, लिबरऑफिस, सायलॅब अशा मुक्त स्रोत प्रणाली सुमारे दहा-दहा मिनिटांच्या दृक्‌श्राव्य पाठांतून शिकवतो. विद्यार्थ्याने पाठ ऐकताना शेजारीच प्रणाली उघडून तीच कृती करावी, अशी त्याची पद्धत आहे. पाठांचे ध्वनिमुद्रण मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. प्रमाणपत्रासाठीची परीक्षा महाविद्यालयांमार्फत घेतली जाते.

कंपन्यांचे मंच

इन्फोसिस स्प्रिंगबोर्ड, आयबीएम स्किल्सबिल्ड, सिस्को नेटवर्किंग अकादमी आणि मायक्रोसॉफ्ट लर्न यांवर मोफत अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. बहुतेक ठिकाणी मिळणारे मोफत प्रमाणपत्र पूर्णतेचे असते. त्याच कंपनीचे व्यावसायिक प्रमाणन ही त्यापुढची स्वतंत्र, सशुल्क पायरी असते. सिस्कोचा संगणक जाळ्यांचा मोफत प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करणे आणि सीसीएनए परीक्षा उत्तीर्ण होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उमेदवारांच्या परिचयपत्रात (रेझ्युमेत) हा भेद पुसला गेल्यास मुलाखतीत अडचण उद्भवते.

प्रमाणपत्र थेट भरतीशी जोडले गेल्याचे ठळक उदाहरण म्हणजे इन्फीटीक्यू. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने २०१९ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी हा मोफत मंच सुरू केला. त्यात प्रोग्रॅमिंग आणि विदासंच व्यवस्थापन हे विषय शिकवून प्रमाणन परीक्षा घेतली जात असे आणि तीत यशस्वी झालेल्यांना कंपनीच्या मुलाखतीची संधी मिळत असे. येथे अभ्यासक्रम, परीक्षा आणि नियोक्ता एकाच साखळीत असल्याने प्रमाणपत्राचा अर्थ लावण्याचा प्रश्नच उरत नव्हता.

प्रकल्पाधारित मंच

२०१४ मध्ये सुरू झालेल्या फ्रीकोडकॅम्प या ना-नफा मंचावर शिकणे आणि प्रमाणपत्र दोन्ही मोफत आहेत. प्रत्येक प्रमाणपत्रासाठी पाच प्रकल्प पूर्ण करण्याची पद्धत तेथे दीर्घकाळ चालत आली आहे. हार्वर्ड विद्यापीठाचा 'सीएस५०' हा संगणकशास्त्राचा प्रास्ताविक अभ्यासक्रमही सर्व प्रश्नसंच आणि अंतिम प्रकल्प समाधानकारकपणे पूर्ण करणाऱ्यांना मोफत प्रमाणपत्र देतो. ओळख पडताळून दिले जाणारे एडएक्सचे प्रमाणपत्र मात्र सशुल्क आहे. या दोन्ही अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याच्या हाती प्रमाणपत्राखेरीज स्वतः लिहिलेला कोडही राहतो.

पुणे आणि कात्रज परिसर

कात्रज हे पुण्याच्या दक्षिणेस, कात्रज घाटाच्या पायथ्याशी, पुणे–सातारा रस्त्यावर वसलेले आहे. या रस्त्याने सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे जिल्हे पुण्याशी जोडले गेले आहेत. शेजारच्या धनकवडीत भारती विद्यापीठाचे संकुल आणि पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी, तर बिबवेवाडीत विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. भारती विद्यापीठाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासह या तिन्ही संस्थांची सुरुवात १९८३ मध्ये झाली. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, ते हेच वर्ष होय. पुढे आंबेगाव, वडगाव आणि कोंढवा या भागांतही शैक्षणिक संकुले उभी राहिली. त्यामुळे या पट्ट्यात वसतिगृहे, कॉट बेसिसवरच्या खोल्या, खाणावळी आणि अभ्यासिका मोठ्या संख्येने आढळतात.

रोजगाराची केंद्रे मात्र शहराच्या इतर बाजूंना आहेत. हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान पश्चिमेला, तर मगरपट्टा आणि खराडी पूर्वेला आहेत. कात्रज–देहूरोड बाह्यवळण मार्गाने कात्रज हिंजवडीच्या दिशेला जोडले गेले असले, तरी उमेदवाराच्या दृष्टीने खरे अंतर रस्त्याचे नसून निवडप्रक्रियेतील प्रवेशाचे असते.

या परिसरातील उमेदवारांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट नामांकित महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचा असतो. कंपन्या थेट महाविद्यालयात येत असल्याने, या गटासाठी मोफत प्रमाणपत्र ही पदवीला जोड असते. दुसरा गट तुलनेने कमी परिचित अभियांत्रिकी महाविद्यालयांतील पदवीधरांचा, तसेच बीएस्सी संगणकशास्त्र, बीसीए, बीबीए (संगणक उपयोजन) आणि पदविका झालेल्यांचा असतो. परिसर मुलाखतींची संधी मर्यादित असल्याने त्यांना ऑफ-कॅम्पस भरती, वॉक-इन मुलाखती आणि रोजगार संकेतस्थळे यांवर अवलंबून राहावे लागते. तिसऱ्या गटात कला, वाणिज्य किंवा यंत्र अभियांत्रिकीसारख्या अन्य शाखांतून तंत्रज्ञान क्षेत्रात येऊ इच्छिणारे आणि शिक्षणात वा नोकरीत खंड पडलेले उमेदवार येतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटासाठी मोफत प्रमाणपत्राला पर्याय असतो तो बहुधा खासगी क्लासचा. पुण्यात 'फुल स्टॅक', 'टेस्टिंग' आणि 'डेटा सायन्स' या नावांनी चालणाऱ्या खासगी अभ्यासक्रमांचे शुल्क काही हजार रुपयांपासून लाखाच्या घरात जाते. त्यात खोलीचे भाडे आणि खाणावळीचा खर्च मिळवल्यास नोकरीविना जाणारा प्रत्येक महिना कुटुंबाला महाग पडतो. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राचे (सी-डॅक) पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम हा आणखी एक प्रस्थापित मार्ग आहे. त्याला सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तो सशुल्क आहे, परंतु त्यात पूर्णवेळ प्रशिक्षण आणि भरतीची संघटित व्यवस्था असते. मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम ज्ञानाच्या बाबतीत या मार्गांशी स्पर्धा करू शकतात. शिस्त, मार्गदर्शन आणि कंपन्यांशी असलेला संपर्क या गोष्टी मात्र ते क्वचितच पुरवतात.

निवडप्रक्रियेतील स्थान

तंत्रज्ञान कंपन्यांची नवपदवीधरांची भरती साधारणतः चार टप्प्यांत होते आणि प्रत्येक टप्प्यावर प्रमाणपत्राचा उपयोग वेगळा असतो.

पात्रता निकष : अनेक मोठ्या कंपन्या दहावी, बारावी आणि पदवीतील किमान टक्केवारी, उत्तीर्ण होण्याचे वर्ष आणि शाखा या अटी लावतात. येथे प्रमाणपत्राचा उपयोग होत नाही. टक्केवारी कमी असल्यास कितीही प्रमाणपत्रे ती भरून काढत नाहीत.

परिचयपत्रांची छाननी : लहान आणि मध्यम कंपन्यांत, तसेच ऑफ-कॅम्पस अर्जांत, पाहिजे असलेल्या तंत्रज्ञानाचे नाव परिचयपत्रात आहे का हे पाहिले जाते. संबंधित प्रमाणपत्र येथे उपयोगी ठरू शकते, विशेषतः उमेदवाराची पदवी अन्य शाखेची असल्यास.

लेखी व प्रोग्रॅमिंग चाचणी : टीसीएसची राष्ट्रीय पात्रता चाचणी किंवा अन्य कंपन्यांच्या ऑनलाइन चाचण्या यांत केवळ गुण पाहिले जातात. येथे प्रमाणपत्र निरुपयोगी, पण अभ्यास उपयोगी असतो.

तांत्रिक मुलाखत : परिचयपत्रातील प्रत्येक प्रमाणपत्र हा मुलाखतकारासाठी प्रश्नांचा विषय असतो. अभ्यास मनापासून केला असल्यास संभाषण उमेदवाराच्या ओळखीच्या विषयावर होते. केवळ कागद मिळवला असल्यास तेच प्रमाणपत्र त्याच्या विरोधात जाते.

संशोधनातील निष्कर्ष

एमआयटी आणि हार्वर्ड यांच्या एडएक्सवरील अभ्यासक्रमांच्या २०१२ ते २०१८ या काळातील नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१७-१८ मध्ये नोंदणी करणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्के जणांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला. पडताळलेल्या प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. पैसे भरणारे मुळातच अधिक निश्चयी असण्याची शक्यता असल्याने या फरकाचे सर्व श्रेय शुल्काला देता येत नाही.

रोजगारावरील परिणामाबाबत स्टॅनफर्ड विद्यापीठातील सुझन एथी आणि एमिल पालिकोट यांचा प्रयोग उल्लेखनीय आहे. सप्टेंबर २०२२ ते मार्च २०२३ या काळात कोर्सेरावर तंत्रज्ञान व व्यवसायविषयक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या ८,००,००० हून अधिक जणांचा त्यात समावेश होता. त्यांपैकी बहुसंख्य विकसनशील देशांतील आणि महाविद्यालयीन पदवी नसलेले होते. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या एका गटाला आपले प्रमाणपत्र लिंक्डइनवर दाखवण्यास प्रोत्साहन देण्यात आले आणि त्याची कृती सोपी करून देण्यात आली. लिंक्डइनवरील माहिती उपलब्ध झालेल्या सुमारे ४०,००० जणांच्या नोंदींनुसार, या गटात वर्षभरात नवी नोकरी नोंदवण्याची शक्यता ६ टक्क्यांनी, तर प्रमाणपत्राशी संबंधित नोकरीची शक्यता ८ टक्क्यांनी अधिक आढळली. ज्यांची नोकरी मिळण्याची शक्यता आधी कमी होती, त्यांच्यात हा परिणाम अधिक ठळक होता.

या निष्कर्षांवरून दोन गोष्टी दिसतात. प्रमाणपत्राचा परिणाम खरा असला तरी माफक आहे, आणि ज्यांच्याजवळ नामांकित महाविद्यालयाची किंवा अनुभवाची खूण नाही, त्यांना तो तुलनेने अधिक लाभदायक ठरतो. या प्रयोगातील सर्व जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता, ही बाब मात्र लक्षात घेणे आवश्यक आहे. नोंदणी करून मध्येच सोडणाऱ्या बहुसंख्यांना हे निष्कर्ष लागू होत नाहीत.

मर्यादा आणि टीका

मोफत प्रमाणपत्रांवरील सर्वांत सामान्य आक्षेप संख्येविषयीचा आहे. एकाच उमेदवाराच्या परिचयपत्रात परस्परांशी संबंध नसलेली दहा-पंधरा प्रमाणपत्रे असल्यास त्यातून प्रावीण्याऐवजी दिशाहीनता सूचित होते. प्रमाणपत्र जितके प्रचलित होते, तितके वेगळेपण दाखवण्याचे त्याचे सामर्थ्य कमी होते, हा दुसरा आक्षेप आहे. उत्तरांची देवाणघेवाण आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून गृहपाठ करून घेण्याची सोय यांमुळे पर्यवेक्षण नसलेल्या परीक्षांची विश्वासार्हता आणखी घटली आहे.

मोफत अभ्यासक्रमालाही छुपा खर्च असतो. संगणक, स्थिर आंतरजाल जोडणी, शांत जागा आणि वेळ यांची गरज भासते. केवळ भ्रमणध्वनीवर चित्रफिती पाहता येतात, पण प्रोग्रॅमिंगचा सराव करणे कठीण जाते.

मोफत प्रमाणपत्रांच्या लोकप्रियतेचा गैरफायदाही घेतला जातो. मोफत अभ्यासक्रमाच्या नावाखाली वैयक्तिक माहिती गोळा करणे, शेवटी 'प्रमाणपत्र शुल्क' मागणे किंवा प्रमाणपत्रासोबत हमखास नोकरीचे आमिष दाखवून अनामत रक्कम घेणे, हे प्रकार नवपदवीधरांच्या बाबतीत घडतात. कोणतेही ऑनलाइन प्रमाणपत्र नोकरीची हमी देत नाही.

मराठीतील उपलब्धता

तंत्रज्ञानविषयक बहुतेक मोफत अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यासमोर त्यामुळे विषय आणि भाषा असे दुहेरी आव्हान उभे राहते. स्पोकन ट्युटोरियलचे मराठी पाठ आणि एनपीटीईएलच्या निवडक व्याख्यानांचे मराठी भाषांतर यांमुळे ही अडचण काही अंशी कमी झाली आहे. २०२१ मध्ये पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगला मराठीतून संगणक अभियांत्रिकी शिकवण्याची परवानगी मिळाल्यानंतर मराठी अभ्याससाहित्याची गरज अधिक स्पष्ट झाली. तथापि भरतीच्या चाचण्या आणि मुलाखती बहुतांशी इंग्रजीतच होतात. मराठीतून संकल्पना समजून घेणे आणि इंग्रजीतून त्या मांडण्याचा सराव करणे, हा मार्ग अनेक विद्यार्थी अवलंबतात.

व्यवहारातील उपयोग

प्रमाणपत्रांचा उपयोग करून घेणारे उमेदवार साधारणतः कामाचे स्वरूप आधी निश्चित करतात आणि अभ्यासक्रम नंतर निवडतात. संकेतस्थळ विकासाचे काम हवे असल्यास त्या एकाच दिशेचे दोन-तीन अभ्यासक्रम क्रमाने पूर्ण करणे, त्यांतील प्रकल्प गिटहबवर ठेवणे आणि परिचयपत्रात प्रमाणपत्राशेजारी प्रकल्पाचा दुवा देणे, हा त्याचा एक नमुना होय. संगणक जाळ्यांच्या कामासाठी मोफत अभ्यासक्रमाने सुरुवात करून, विषयात गती आहे हे पाहिल्यानंतरच सीसीएनएच्या परीक्षेवर खर्च करणे, हा दुसरा नमुना होय. पदवीचे शिक्षण चालू असलेल्यांना श्रेयांक मिळवून देणारी एनपीटीईएलची परीक्षा अधिक लाभदायक ठरू शकते, कारण तिचे गुण पर्यवेक्षित परीक्षेतले असतात आणि गुणपत्रिकेतही नोंदले जातात.

महागड्या खासगी अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी त्याच विषयाचा मोफत अभ्यासक्रम पूर्ण करून पाहणे, हाही या प्रमाणपत्रांचा एक महत्त्वाचा उपयोग मानला जातो. त्यातून विषयाची आवड आणि स्वतःची चिकाटी यांचा अंदाज शुल्क भरण्याआधीच येतो. नोकरीच्या शोधात कुटुंबाची बचत पणाला लागलेल्या उमेदवारासाठी हा लाभ प्रमाणपत्राच्या कागदाहूनही मोठा ठरू शकतो.